आमच्या कारखान्यातली चौथी कामगार

तीर्थरूप दादास,

नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो, पण गेल्या महिन्यात पुठ्ठ्यांचा गठ्ठा उचलताना कंबरेत जी कळ भरली ती अजून पुरती गेलेली नाही, आणि जो नमस्कार प्रत्यक्ष घालता येत नाही तो कागदावर घालणं मला बरं वाटत नाही. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून वाजतो की आता नुसताच दुखतो? वहिनींचा खोकला गेला का, आणि कुंडीतल्या झाडांवर त्या अजून रागावतात का, सगळं सविस्तर कळव. आम्ही इकडे ठीक आहोत. सात महिने माझं पत्र आलं नाही म्हणून तू काळजीत असशील (नसशीलही, तुझ्या छापखान्यात साठ माणसं, त्यात एका भावाचं पत्र आलं नाही हे लक्षात यायला वेळ लागतो). खरं सांगायचं तर मी आजारी नव्हतो आणि कामातही बुडालेलो नव्हतो. मी तुझ्यावर रागावलो होतो. आता राग गेला आहे, म्हणून कारण सांगतो. रागात असतो तर चार ओळींत सांगून मोकळा झालो असतो. शांत असल्यामुळे जरा लांबेल.

सात महिन्यांपूर्वी एका मंगळवारी सकाळी एक बाई कारखान्यात आल्या. (कारखाना तोच, बाबांचा, पुस्तकबांधणीचा. पुढची लांब खोली, मागची अंधारी खोली आणि दोन्हींच्या मध्ये फळ्या ठोकून केलेलं माझं ऑफिस. तू गेलास तेव्हा होतं तसंच सगळं त्या दिवसापर्यंत होतं, फक्त मधे भिंतींना रंग दिला आणि कटिंग मशीनचा आणखी उडाला.) मला वाटलं गिऱ्हाईक. हातात चाळीसेक पानांची पुस्तिका होती, पाठीला नुसत्या दोन पिना मारलेल्या. अशी पुस्तिका बघितली की माझा हात शिवशिवतो, म्हणून मी आपणहून म्हणालो, दोऱ्याने शिवून, पक्की जुजबंदी करून कापडी पाठ लावून देतो, जन्मभर टिकेल. त्या म्हणाल्या, "जन्मभर नको. मुदत तीनच वर्षांची आहे." तो करार होता. छपाई आणि बांधणीच्या धंद्यातल्या मालकांचा संघ आणि कामगारांची संघटना, दोघांनी मिळून केलेला सामूहिक करार, आणि तो कोण पाळतं कोण नाही हे बघायला दोघांनी मिळून नेमलेल्या या तपासनीस बाई.

मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं (त्यांनी स्वतःची बाटली आणली होती, तिच्यातलंच प्यायल्या) आणि त्यांचा गैरसमज होतोय हे नीट समजावून सांगितलं. करार म्हणजे मोठ्या छापखान्यांची गोष्ट, जिथे मालकाला कामगाराचा चेहरा माहीत नसतो. माझ्याकडे मोजून तीन माणसं. सोनेरी अक्षरं उठवणारे मिस्तरी, बाबांच्या वेळेपासून सव्वीस वर्षं त्याच टेबलावर. पानांची जुजं शिवणाऱ्या बाई, यांना आम्ही शिवणबाई म्हणतो. आणि कटिंग मशीनवरचा मौनी, जो आठवड्यातून एखादं वाक्य बोलतो आणि तेही मशीनला. आम्ही चौघं एका घरच्यासारखे राहतो, असं मी म्हणालो. तपासनीस बाईंनी पेन्सिलीने वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटतं 'घरच्यासारखे' हा शब्द ऐकला की त्या एक खूण करत असाव्यात. मग त्यांनी कलम चार उघडून माझ्यासमोर धरलं. हा करार धंद्यातल्या प्रत्येक मालकाला लागू आहे, मग त्याच्याकडे तीन कामगार असोत की तीनशे, आणि तो संघाचा सभासद असो वा नसो.

मी म्हणालो, मी तर कशावर सही केलेली नाही. त्या म्हणाल्या, "तुमच्या वतीने संघाच्या अध्यक्षांनी केली आहे," आणि शेवटचं पान उघडलं. दादा, तुझी सही मी कुठेही ओळखेन. शाळेत बाबांच्या नावाने माझ्या प्रगतिपुस्तकावर तूच करायचास. बाईंनी सहीकडे बघितलं, मग दारावरच्या आपल्या पाटीकडे बघितलं आणि विचारलं, "आडनाव एकच दिसतंय. हे तुमचे कोण?" मी म्हणालो, लांबचे नातेवाईक. (या वाक्याबद्दल मी माफी मागतो. त्या क्षणी तू मला बराच लांबचा वाटत होतास.)

तरी त्या दिवशी सगळं निभावलं असतं. पगार, कामाचे तास, पाळ्या, सगळं त्यांनी तपासलं आणि त्यात काही सापडलं नाही. शिवाय करारातच लिहिलंय की चारपेक्षा कमी कामगार असतील तर पुष्कळशा कलमांतून सूट मिळते. तीन म्हणजे चारपेक्षा कमी, एवढं गणित मलाही येतं. बाई वही मिटणार, एवढ्यात मागच्या खोलीतून तुझी भावजय बाहेर आली. कोपरापर्यंत खळ, कानामागे ब्रश. तपासनीस बाईंनी विचारलं, "या कोण?" मी म्हणालो, माझी बायको. त्या म्हणाल्या, "ते नाही विचारलं. या काय करतात?" आणि मी तोंड उघडायच्या आत हिने उत्तर दिलं की पुस्तकांना अस्तराचे कागद मी चिकटवते, पाठी मी लावते, शिकंजा मी आवळते, आणि हे जेव्हा गिऱ्हाइकांशी गप्पा मारत बसतात तेव्हा पुस्तकं मोजून मीच देते. किती वर्षं? एकोणीस. आठवड्याला किती तास? हिने तासांचा विचार कधी केलेला नव्हता, ती मनातल्या मनात बेरीज करत उभी राहिली, आणि दादा, ती बेरीज जसजशी लांबत गेली तसतशी माझ्या पायांखालची फरशी गार पडत गेली. तपासनीस बाईंनी तीन खोडून चार केले.

त्या दिवसापासून मी मोठा उद्योजक झालो. चार कामगार म्हणजे विश्रांतीची खोली हवी, तिला दार हवं. पाठीला टेका देणाऱ्या खुर्च्या हव्यात. वेळापत्रक भिंतीवर हवं. रजेची नोंदवही हवी. आणि कामगारांनी गुप्त मतदानाने निवडलेला प्रतिनिधी हवा, ज्याच्याशी मालकाने महिन्यातून एकदा बैठक घ्यायची. खोलीचंच घे. कारखान्यात दार असलेली जागा एकच, माझं ऑफिस. तेव्हा ऑफिसची विश्रांतीची खोली झाली आणि माझं टेबल जिन्याखाली गेलं, कागदाच्या रिमांशेजारी, जिथे उठताना डोकं आपटतं आणि बसताना गुडघा. गंमत म्हणजे त्या खोलीत विश्रांती घ्यायला कोणी जाईना. शिवणबाई आणि मौनी पूर्वीसारखे खिडकीच्या कट्ट्यावर बसायचे, मिस्तरी आपल्या टेबलावरच डबा उघडायचे. रिकामी खोली बघून जीव तुटतो, म्हणून मी दुपारी तिथे थोडा आडवा व्हायला लागलो. चौथ्या दिवशी दारावर चिठ्ठी दिसली की ही खोली करारानुसार कामगारांसाठी आहे. अक्षर ओळखीचं होतं.

त्याचं कारण निवडणूक. खळीचा एक डबा धुऊन, झाकणाला फट पाडून मतपेटी केली. मालकाने मतदानाच्या वेळी हजर राहायचं नाही असा नियम आहे, म्हणून मी रस्त्यावर उभा राहिलो. समोरच्या शिंप्याने विचारलं, आत कोणी वारलं का. मी म्हणालो, नाही, निवडणूक चालू आहे. तो म्हणाला, मग उभे आहात की पडलात? मला मनातून खात्री होती की मिस्तरी निवडून येणार. शांत माणूस, मान खाली घालून काम करणारा, त्यांच्याशी बैठक म्हणजे दोघांनी मिळून गप्प बसणं. निकाल लागला. मिस्तरींना एक मत, तुझ्या भावजयीला तीन. मिस्तरींचं ते एक मत हिचं होतं हे हिने नंतर सांगितलं. म्हणजे बाकी तिघांनी, माझ्या भरवशाच्या तिघांनी, माझ्याशी बोलायला कोणाला पाठवायचं याचा विचार एका मिनिटात संपवला होता.

पहिल्या बैठकीला मी नेहमीसारखं "बोल गं" म्हणालो. प्रतिनिधींनी वहीतून मान वर न करता सांगितलं की बैठकीत आपण एकमेकांना तुम्ही म्हणायचं. हिने मला एकोणीस वर्षं तुम्हीच म्हटलंय, तेव्हा तिचं काही बदललं नाही. बदल माझ्याच वाट्याला आला. (आता सवय झाली आहे. परवा घरी भाजी वाढताना चुकून "आपण घेणार का" असं विचारलं, तर ही हसता हसता ठसकली.) बैठकीत विषय एकच होता, मिस्तरींची रजा. करार म्हणतो की प्रत्येक कामगाराने वर्षातून पंधरा कामाचे दिवस सलग रजा घ्यायचीच, आणि ती घेतली जाते की नाही याची जबाबदारी मालकाची. रजेच्या बदल्यात दुसरं काही चालत नाही. शिवणबाई दर वर्षी मुलीकडे जातात, मौनी कुठे जातो ते त्याने सांगितलेलं नाही पण जातो. मिस्तरींनी सव्वीस वर्षांत एक दिवस घेतलेला नव्हता. बाबा वारले त्या दिवशीसुद्धा कारखाना बंद होता म्हणून ते बाहेरच्या पायरीवर बसून होते, तुला आठवत असेल.

मी मिस्तरींना सांगितलं की पुढच्या सोमवारपासून तुम्हाला रजा. मला वाटलं खूश होतील. ते म्हणाले, "धाकटे, माझं काही चुकलं का?" (बाबांच्या वेळेपासून ते मला धाकटे म्हणतात, आता केस पांढरे झाले तरी धाकटाच.) नाही म्हटलं, नियम आहे. त्यांनी बराच वेळ टेबलावरचं फडकं घडी करून परत उलगडलं, मग विचारलं की या दिवसांत त्यांच्या टेबलावर कोण बसणार. मी म्हणालो, मी. त्यांचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांच्या घरात राहायला येतो म्हणालो.

सोमवारी साडेआठला मिस्तरी दारात. प्रतिनिधींनी त्यांना पायरीवरूनच परत पाठवलं. मंगळवारी ते गिऱ्हाईक म्हणून आले. काखेत एक फाटका शब्दकोश, बांधायचा आहे म्हणाले, आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर दुपारपर्यंत बसले, नजर आपल्या टेबलाकडे. बुधवारी शिंप्याच्या दुकानात जाऊन बसले, तिथून आमचं दार सरळ दिसतं. मालक म्हणून माझी मोठी पंचाईत झाली. एखादा कामगार कामावर येत नसेल तर त्याला काय म्हणायचं हे कोणीही सांगेल. येतोच आहे, त्याला घालवायचा कसा, यावर करारात एक अक्षर नाही. संघात बसून तुम्ही लोक काय बघता कळत नाही.

तिकडे मी अक्षरं उठवत होतो. एका मोठ्या ग्रंथालयाचे चाळीस वर्षांचे वार्षिक अहवाल बांधायला आले होते, लाल कापड, पाठीवर सोनेरी नाव. बाबांनी आपल्याला दोघांनाही हे काम शिकवलं होतं. तू शिकलास आणि निघून गेलास, मी राहिलो आणि विसरलो. ठसे साच्यात ओळीने लावायचे, उलटे, तापवायचे, सोनेरी पत्रीवर दाबायचे. नऊ खंड मी मोठ्या समाधानाने केले आणि ओळीत मांडून लांबून बघत उभा राहिलो. मौनी हात पुसत आला, पाठीवरचं वाचलं, म्हणाला, "हाल," आणि परत गेला. 'अहवाल'मधले अ आणि व साच्यात ढिले बसले होते, ते उमटलेच नव्हते. नऊ खंडांवर झळझळीत सोन्यात 'वार्षिक हाल'. (ग्रंथपालांना दाखवले तेव्हा ते म्हणाले की एकूण परिस्थिती बघता हे चालून जाईल, पण वरचे लोक मान्य करणार नाहीत.)

दुसरा अ मिळतो का बघायला मी मिस्तरींचा खण उघडला. दादा, इथून पुढचं जरा सावकाश वाच. खणात तीन भिंगं होती, एकापेक्षा एक जाड. ती बाजूला केली तर ठशांचा डबा. मी एक ठसा उचलला तर बोटाला काहीतरी लागलं. प्रत्येक ठशाच्या अंगावर कानशीने मारलेल्या बारीक खाचा होत्या. अ ला एक आडवी, क ला दोन, ग ला एक तिरकी, असं करत करत पुरती वर्णमाला. डोळे मिटून अंगठा फिरवला की अक्षर कळावं अशी. खाचा गुळगुळीत झाल्या होत्या. एका वर्षात असं होत नाही. मी खण लावून टाकला आणि जिन्याखाली जाऊन बसलो. उठताना डोकं आपटलं तेही कळलं नाही.

शुक्रवारी दुपारी मी मिस्तरींच्या घरी गेलो. तिसऱ्या मजल्यावर एक खोली आहे त्यांची, एकटेच राहतात. खोलीत वस्तू फार थोड्या आणि सगळ्या भिंतीला टेकलेल्या, मधे चालायला मोकळी वाट. मला बसवलं, चहा केला. कपात ओतताना डाव्या हाताचं बोट कपाच्या काठाच्या आत धरलं होतं. चहा बोटाला लागला की थांबले. मी ते बघतोय हे त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी आपणच विचारलं, "खण उघडलात ना?"

"उघडला. किती वर्षं झाली?"

"डाव्याला सहा. उजव्याला चारेक. उजेडात माणूस कळतो, अक्षर नाही कळत."

मी विचारलं, मला सांगितलं का नाही. ते म्हणाले, "तुम्ही काढून टाकलं नसतं, ते मला माहीत आहे. त्याचीच भीती होती. तुम्ही मला खुर्चीवर बसवून ठेवलं असतं. सकाळी चहा, दुपारी चहा, आणि हातात काही नाही. तुमचे वडील शेवटचं वर्ष तसे बसले होते. मी रोज बघत होतो."

दादा, मी तेच केलं असतं. चांगुलपणाने केलं असतं आणि लोकांना सांगितलंही असतं.

परत येऊन मी हिला म्हणालो, एक गोष्ट सांगायची आहे, पण प्रतिनिधी म्हणून ऐकणार नसशील तर सांगतो. ही म्हणाली, मिस्तरींच्या डोळ्यांचं ना? तिला दोन वर्षांपासून माहीत होतं. पुस्तकं गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी ती एकूण एक पाठ वाचून बघायची. दोन वर्षांत चूक सापडली ती एकदाच, आणि तिने ती मिस्तरींना न सांगता दुरुस्त करून घेतली होती. मला का नाही सांगितलं, असं मी विचारलं (त्या दिवशी मी हा प्रश्न सगळ्यांनाच विचारत सुटलो होतो). ती म्हणाली, "सांगून तुम्ही काय केलं असतंत हे मलाही माहीत होतं आणि त्यांनाही." मग तिने तपासनीस बाई ठेवून गेल्या होत्या ती कराराची पुस्तिका आणली. पिना निघून गेल्या होत्या, तिने जुजं शिवून कापडी पाठ लावली होती, आत खुणेच्या फिती. कलम सत्तावीस उघडलं. लांब नोकरीत कामगाराची नजर किंवा श्रवण कमी झालं, तर मालकाने तपासणी करून आणायची, आणि त्याला त्याच दर्जाचं झेपेल ते काम द्यायचं. खालची ओळ तिने पेन्सिलीने अधोरेखित केली होती. झेपेल ते काम कोणतं, हे कामगाराला विचारून ठरवायचं.

विचारून, दादा. हा एवढा एक शब्द मला सुचला नसता.

तरी मला धास्ती होती. लहान कारखाना, एकच कारागीर, त्यात मी तपासनीस बाईंना हे कळवलं तर त्या काय करतील. प्रतिनिधी म्हणाल्या, कळवायचं. (बैठक चालू नव्हती, पण आवाज बैठकीतला होता.) तपासनीस बाई आल्या, बाटलीतलं पाणी प्यायल्या, मिस्तरींशी आतल्या विश्रांतीच्या खोलीत तासभर बोलल्या. त्या खोलीचा पहिला उपयोग तो. बाहेर येऊन त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरचा पत्ता दिला आणि ठसे बघायला मागितले. एक ठसा बराच वेळ अंगठ्याखाली फिरवत राहिल्या. त्यांनी वहीत काही लिहिलं नाही, हे मी मुद्दाम बघितलं.

डॉक्टर म्हणाले, डावा डोळा गेला तो गेला. उजव्यात मोतीबिंदू आहे, पिकून दगड झालाय, काढता येईल. चार वर्षं हा माणूस ज्याच्यामुळे अंगठ्याने वाचत होता, ते एका सकाळचं काम होतं. मिस्तरींना हे कोणी सांगितलंच नव्हतं, कारण त्यांनी कोणाला विचारलंच नव्हतं, आणि विचारायला जायला रजा लागली असती.

अशा रीतीने मिस्तरींची रजा पंधरा दिवसांची पाच आठवड्यांची झाली. परत आले तेव्हा डोळ्यावर चष्मा होता. दारात उभे राहून त्यांनी सगळीकडे नजर फिरवली आणि पहिलं वाक्य बोलले की भिंतींना रंग कधी दिलात, चांगला नाही. मग मांडणीवरच्या त्या नऊ खंडांपाशी गेले, वाकून वाचलं आणि म्हणाले, "हे कोणी केलं?" मी जिन्याखाली जाऊन काहीतरी शोधायला लागलो. त्यांनी मला विचारलंही नाही परत. कोट काढून ठेवला आणि नऊच्या नऊ पाठी सोलायला घेतल्या.

आता ते सकाळी अक्षरं उठवतात आणि दुपारी शिवणबाईंना शिकवतात. हे कोणी ठरवलं, तर त्यांनीच. आम्ही नुसतं विचारलं. शिवणबाईंचा हात चांगला वळतोय, मिस्तरी त्यांना खाचांवरूनच शिकवतात. गंमत अशी की दिसायला लागल्यापासून मिस्तरींच्या दोन चुका झाल्या. ते म्हणतात, डोळा मधे मधे करतो. म्हणून साचा भरताना चष्मा काढून ठेवतात.

तर माझा राग गेला तो असा. ते सत्तावीसवं कलम तू लिहिलंस की संघटनेने लिहिलं आणि तू मान डोलावलीस, हे मला माहीत नाही. तूही सांगू नकोस. सध्या मी तूच लिहिलंस असं धरून चाललो आहे. पुन्हा त्या बाई आल्या आणि सहीबद्दल विचारलं, तर सख्खा भाऊ म्हणून सांगेन. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला शेक देत जा.

तुझा,
धाकटा

ता. क. — एक लिहायचं राहिलं, किरकोळच आहे. रजेच्या नोंदवहीत सगळ्यांच्या नावापुढे या वर्षाची रजा भरली गेली, एक नाव सोडून. ती चौथी कामगार. मागच्या एकोणीस वर्षांचं काही होणार नाही, पण या वर्षाचे पंधरा दिवस तिने घ्यायचेच असं तपासनीस बाईंनी लेखी कळवलं आहे. ही म्हणते, ती तुमच्याकडे येणार, वहिनींबरोबर निवांत बसणार आणि एकाही कागदाला हात लावणार नाही. येत्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी गाडीत बसेल.

आणखी ता. क. — म्हणजे हे पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते असं. तेव्हाचे पंधरा दिवस तू इकडे येऊ शकशील का? अस्तरं तुला माझ्यापेक्षा बरी जमायची, बाबाही म्हणायचे. माझी अस्तरं फुगतात. तुझ्या छापखान्यात साठ माणसं आहेत, एक मालक पंधरा दिवस नसला तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. गुडघ्याची काळजी नको, पाठीला टेका देणारी खुर्ची आहे. दुपारी विश्रांतीच्या खोलीत पडू शकशील. कामगार म्हणून नाव लावून घेऊ, मग कोणी चिठ्ठी चिकटवणार नाही. हिला मात्र यातलं काही बोललो नाही.

ता. क. (वेगळ्या अक्षरात) — दादा, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं, कारण यांना ते सरळ चिकटवता येत नाही. पत्र वाचलं, बहुतेक सगळं खरं आहे. तुम्ही मुळीच येऊ नका. मिस्तरी यांना अस्तर लावायला शिकवणार आहेत, तसं आम्हा कामगारांच्या बैठकीत ठरलंय. यांना अजून सांगितलेलं नाही. चार-पाच दिवस फुगतील, मग येईल हात. वहिनींना म्हणावं, माझी एकवीस दिवसांची सोय करा. करारातले पंधरा हे कमीत कमी आहेत, यांनी ते कलम घाईत वाचलंय.